शाळेतील दांडगाई आणि दुसरा गाल

शास्त्रपाठ : मत्तय ५:३८–४२, योहान १८:१९–२३, प्रेषितांची कृत्ये १६:३५–४० आणि २३:१२–२२



मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा मार्ग येथून जातो आणि आदिलाबादचा फाटा येथेच फुटतो. तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे भोवतालच्या खेड्यांतील मुले गावची शाळा संपली म्हणजे पुढील शिक्षणाकरिता येथे येतात. कोणी आगगाडीने येतो, कोणी एस. टी. ने, कोणी सायकलीवर, तर कोणी पहाटे बापाने बाजारात आणलेल्या फुलांच्या टोपल्यांशेजारी बसून. ज्या मुलाने आजवर आपल्या वस्तीबाहेर फारसे पाऊल टाकले नाही, ते अकस्मात अनोळखी मुलांनी भरलेल्या वर्गात जाऊन बसते. त्याची बोली, त्याचे कपडे, त्याचे आडनाव, त्याच्या घरची प्रार्थनेची रीत, ह्यांत इतरांहून निराळे असे काही ना काही असतेच.

अशा मुलास प्रथम टोपणनाव मिळते. मग त्याची वही लपवली जाते, डब्यात माती पडते, सायकलीची हवा जाते, आणि शाळा सुटल्यावर फाटकापाशी चौघे जण त्याची वाट पाहत उभे असतात. घरी आल्यावर ते काही बोलत नाही. सकाळी पोटात दुखते असे सांगते. रविवारी मात्र दुखत नाही. पुष्कळ आईबापांना ही खूण ठाऊक असते, पण तिचा अर्थ त्यांच्या ध्यानात उशिरा येतो.

आणि अर्थ ध्यानात आला म्हणजे घरात दोन मते निघतात. बाप म्हणतो, “तूही दोन ठेवून दे, म्हणजे पुन्हा वाटेस जाणार नाहीत.” मंडळीतील एखादे वडील म्हणतात, “प्रभूने दुसरा गाल पुढे करावयास सांगितले आहे, सहन कर.” बाप निर्दय नाही आणि वडीलही ढोंगी नाहीत. तथापि ह्या दोन्ही उत्तरांत एक उणीव सारखीच आहे. दोन्ही उत्तरे सगळे ओझे त्या लहानग्याच्याच डोक्यावर ठेवतात आणि मोठी माणसे आपापल्या कामास निघून जातात. प्रस्तुत पाठात ह्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ नीट ठरवू. दोन सारख्या वयाची, सारख्या अंगाची मुले गोट्यांवरून भांडली आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळू लागली, तर ते भांडण होय. त्यात मोठ्यांनी फार पडू नये. दांडगाई निराळी. नॉर्वेतील डान ओल्वेउस ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. त्याने तिची तीन लक्षणे सांगितली : ती जाणूनबुजून केलेली असते, ती पुन्हा पुन्हा होते, आणि सोसणारा बळाने कमी असतो. बळ म्हणजे केवळ दंड नव्हेत. चौघांपुढे एकटा, गावच्या पाटलाच्या मुलापुढे मजुराचा मुलगा, जुन्या मुलांपुढे नवा, बोलक्यापुढे तोतरा, हे सर्व बळाने कमीच. हे तिसरे लक्षण वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे, कारण बापाचा सल्ला ह्याच ठिकाणी अडखळतो. ज्याला दोन ठेवून देता आल्या असत्या, त्याच्या वाटेस ते चौघे गेलेच नसते.

आता शास्त्रपाठाकडे वळू. डोंगरावरील प्रवचनात प्रभू उजव्या गालाविषयी बोलतो. उजव्या हाताने समोरच्यास सरळ चपराक मारली तर ती डाव्या गालावर बसते. उजव्या गालावर मारावयाचे तर हाताची पाठ लावावी लागते. अशी चपराक इजा करण्यापेक्षा मान खाली घालावयास लावण्यासाठी मारीत. यहुद्यांच्या मिश्ना ह्या ग्रंथात साध्या चपराकीस दोनशे नाण्यांचा दंड सांगितला आहे आणि उलट्या हाताच्या चपराकीस चारशे. म्हणजे जखमेपेक्षा अपमानाची किंमत दुप्पट धरली आहे. दुसरा गाल पुढे करणारा मनुष्य मान खाली घालीत नाही व पळतही नाही. तो मारणाऱ्यासमोर ताठ उभा राहतो आणि तरी हात उगारीत नाही. काही टीकाकार ह्या वचनाचा असा अर्थ लावतात व आम्हास तो पटतो. ज्यांस पटत नसेल त्यांनी योहानाच्या अठराव्या अध्यायाचे उत्तर द्यावे. कारण तेथे प्रभूलाच चपराक बसते. हन्नासमोर चौकशी चालली असता जवळ उभा असलेला शिपाई त्याला मारतो. तेव्हा प्रभू दुसरा गाल पुढे करीत नाही आणि मुकाट्याने सोशीतही नाही. तो त्या शिपायास जाब विचारतो : मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरे बोललो असेन तर मला का मारतोस? ज्याने डोंगरावर उपदेश केला त्याचेच हे आचरण आहे. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय मुलास एकच वचन सांगणे बरे नव्हे.

पौलाचेही असेच. फिलिप्पैत त्यास व सीलास चौकशीवाचून फटके मारून बंदीत टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला, तेव्हा पौलाने जाण्याचे नाकारले. उघडपणे मारले आणि आता गुपचूप सोडता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हास बाहेर न्यावे, असे त्याने कळविले. आणि त्यांना यावे लागले. त्याने कोणावर हात टाकला नाही, सूड मागितला नाही. झालेला अन्याय अन्याय म्हणून कबूल करून घेतला.

तेविसाव्या अध्यायातील गोष्ट संडे-स्कूलांत क्वचितच सांगितली जाते, आणि ह्या विषयात तर तीच सर्वांत उपयोगी आहे. चाळिसांहून अधिक माणसे पौलाचा घात करण्याची शपथ घेतात. ते त्याच्या बहिणीच्या मुलाच्या कानी पडते. तो तरुण किल्ल्यात जाऊन पौलास सांगतो. पौल शतपतीस बोलावतो. शतपती त्यास सरदाराकडे नेतो. सरदार काय करतो? त्याचा हात धरून त्यास बाजूला नेतो आणि एकांतात विचारतो. सर्व ऐकून घेतो, कोणास सांगू नको म्हणतो, आणि त्याच रात्री पौलास सुरक्षित ठिकाणी पाठविण्याची व्यवस्था करतो. आपल्याकडे शाळेत घडलेले मास्तरांस सांगणाऱ्या मुलास चुगलखोर म्हणतात. पौलाच्या भाच्याने चुगली केली असे कोणी म्हणेल काय? एखाद्यास शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चुगली; एखाद्याचा जीव किंवा अब्रू वाचावी म्हणून सांगणे हे कर्तव्य. हा भेद मुलांस लहानपणीच शिकविला पाहिजे. आणि ऐकणाऱ्याने हात धरून बाजूला नेऊन ऐकावे, हे आम्ही मोठ्यांनी त्या परराष्ट्रीय सरदारापासून शिकले पाहिजे. भर वर्गात उभे करून “सांग, कोणी मारले?” असे विचारणारे मास्तर त्या मुलास दुसऱ्यांदा मार खाण्याच्या वाटेस लावतात.

हे झाले शास्त्रातील. आता आपल्या इलाख्याचा इतिहास पाहू, कारण येथे पिढ्यान्पिढ्या ज्यांनी शाळेत सोसले ती आपलीच माणसे होती, आणि त्यांना छळणारी केवळ टारगट पोरे नव्हती. पुष्कळदा शाळेची व्यवस्थाच छळीत होती.

सन १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने अर्ज झाला. मुंबई सरकारने जुलैत तो नाकारला. अर्जदाराची बाजू न्यायाची आहे हे सरकारास दिसत होते. परंतु एकास घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, असे कारण देण्यात आले. १८५८ साली कंपनीच्या विलायतेतील संचालकांनी मात्र कळविले की सरकारी शाळा सर्व वर्गांकरिता आहेत आणि ह्या तत्त्वापासून ढळता येणार नाही. मुंबई सरकारचे ते कारण आज जुने झाले असे कोणास वाटत असेल, तर त्याने दांडगाईची तक्रार घेऊन एखाद्या मुख्याध्यापकाकडे जावे. एका मुलासाठी चार वजनदार पालकांस दुखवू कसे, हा प्रश्न त्याच कारणाचा नातू आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत, अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात एका मांग मुलीचा निबंध छापून आला. तिचे नाव मुक्ता साळवे. ती जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यातील शाळेत शिकत होती. मांग-महारांनी पेशवाईत काय सोसले, तालमीपुढून जाणेही जिवावर कसे बेते, बायकांस उघड्यावर कसे बाळंत व्हावे लागे, हे तिने आपल्या हाताने लिहिले आणि ज्यांच्या धर्मग्रंथांच्या नावावर हे चालले त्यांस उघड प्रश्न विचारले. तिच्या अंगात कोणाशी झुंजण्याचे बळ नव्हते. तिला लिहावयास शिकविणारी शाळा मिळाली, आणि लिहिलेले छापणारे पत्र मिळाले. मिशनच्या पत्रांनी आपल्या पूर्वजांसाठी पुष्कळ गोष्टी केल्या असे म्हणतात. आमच्या मते ह्या दोन अंकांची बरोबरी फार थोड्या करतील.

आता सातारा. भीमराव आंबेडकर ह्यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले; तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आपल्या बालपणच्या शाळेविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांस वर्गात आपल्या क्रमांकाप्रमाणे बसता येत नसे. कोपऱ्यात निराळे, एका गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटास शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यावयाचे आणि सकाळी परत आणावयाचे. तहान लागली तर इतर मुले नळावर जाऊन पाणी पीत. ह्यांस नळाला हात लावण्याची मनाई. मास्तरांची परवानगी असूनही भागत नसे, शिपायाने नळ सोडावा लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी त्यांस फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलण्यासाठी मुले धावली, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे.

वाचकहो, अशा मुलास “दोन ठेवून दे” म्हणावे, तर ठेवून द्यावयाच्या कोणाला? नळाला? गोणपाटाला? आणि “सहन कर” म्हणावे, तर ते नळ कोणी उघडावे? त्या काळात त्यांना उपयोगी पडलेल्या गोष्टी फार साध्या होत्या. बाप रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले, स्वतः अभ्यास घेणारे. आणि साताऱ्यास आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते, ते मधल्या सुट्टीत आपल्या घासातील भाजी-भाकरी ह्या मुलास देत. त्यांचेच आडनाव पुढे ह्या मुलास मिळाले. सबंध शाळा एका बाजूला असता एक मोठा माणूस दुसऱ्या बाजूला उघड उभा राहिला, ह्याचे मोल किती आहे ते पाहा. त्याच मुलाने मोठेपणी १९२७ साली महाडच्या तळ्यावर हजारोंना घेऊन जाऊन पाण्याचा हक्क मागितला, तोही हात न उगारता. सभेवरून परतणाऱ्यांवर हल्ला झाला असताही आपल्या लोकांना त्यांनी आवरून धरले. त्यानंतर वर्षानुवर्षे कोर्टात दावा लढवून १९३७ साली मुंबई हायकोर्टात तो जिंकला. आणि आपल्या मराठवाड्याशी संबंधित गोष्ट ही की, निजामी राजवट १९४८ साली संपल्यावर दोन वर्षांच्या आत त्यांनी औरंगाबादेस कॉलेज काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले, आणि ज्यांच्या घरी पूर्वी कोणी अक्षर गिरवले नव्हते अशी किती तरी मुले तेथे शिकली.

मग मुलाने हात मुळीच उचलू नये काय? ह्याचे उत्तर टाळणे योग्य नव्हे. एखाद्याचा गळा धरला आहे, त्यास विहिरीकडे ओढीत नेत आहेत, लहान बहिणीस कोणी धरले आहे. अशा वेळी सुटण्यापुरते बळ वापरणे हे पाप आहे असे आम्ही कोणत्याही मुलास शिकविणार नाही. देशाचा कायदाही तेच सांगतो. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पूर्वीप्रमाणेच राखलेला आहे. परंतु संरक्षणास आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि जेथे अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर आहे तेथे हा हक्क चालत नाही. म्हणजे धरलेला हात सोडवून पळणे निराळे आणि दुसऱ्या दिवशी दगड खिशात घालून वाट पाहणे निराळे. ओरडणे, हात झटकणे, माणसांकडे धावणे, ह्यांत भित्रेपणा नाही, हे मुलास स्पष्ट सांगावे.

नेहमीचा उपाय म्हणून मात्र मारामारी फसते. हे केवळ उपदेशाकरिता आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत बालवर्गातील मुलांचा अभ्यास करून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात असे आढळले की, उलट मारणाऱ्या मुलग्यांचा छळ चालूच राहण्याकडे कल होता, आणि ज्यांच्या मदतीस एखादा मित्र आला त्यांचा कमी झाला. खेड्यात तर ह्याला आणखी एक बाजू आहे. मुलांची मारामारी संध्याकाळी वस्तीत येते, मग बापांची होते, आणि ज्याचे बळ कमी त्याच्याच नावाने पोलीस पाटलाकडे तक्रार जाते.

मित्राची गोष्ट निघाली म्हणून पाहणाऱ्यांविषयी बोलतो. कॅनडात टोरोंटो शहरातील शाळांच्या मैदानांवर चित्रण करून २००१ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. शंभरांतील अठ्ठ्याऐंशी प्रसंगी दुसरी मुले भोवती उभी होती. मध्ये पडली ती एकोणीस प्रसंगी. आणि ज्या वेळी पडली त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा दांडगाई दहा सेकंदांत थांबली. दहा सेकंद म्हणजे “ए, सोड त्याला” इतकेच म्हणण्याचा वेळ. आपल्या मंडळीतील मुलांना जे शौर्य शिकवावयाचे ते हे. त्यांतील पुष्कळ मुले मार खाणारी नसतात आणि मारणारीही नसतात. ती कुंपणाला टेकून पाहत असतात. तेथे दोघे मिळून जावे, एकट्याने जाऊ नये, आणि मार खाणाऱ्याचा हात धरून त्यास तेथून न्यावे.

येथे एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. छळ म्हणजे नेहमी दुसऱ्यांनी आपला केलेला, असे समजण्याची आपल्या लोकांस सवय लागली आहे. आपल्या मुलांस कोणी चिडविले की आपण लगेच स्तेफनाचे नाव घेतो. पण आपली मुलेही दांडगाई करतात. ख्रिस्ती वसतिगृहांत मोठ्या मुलांनी लहानांकडून कपडे धुऊन घ्यावेत, अंथरुणे घालून घ्यावीत, आणि वॉर्डनने “आम्हीही असेच वाढलो” म्हणावे, हे ज्यांनी तेथे दिवस काढले त्यांस नवे नाही. ज्याच्या मुलाविरुद्ध तक्रार आली त्या बापाने प्रथम मुलाची बाजू घेऊ नये आणि त्यास गुरासारखे झोडपूही नये; मार खाऊन आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी तो मार कोणा लहानावर उतरवतो. त्यास नुकसान भरून देण्यास लावावे. फाडलेली वही नवी आणून ती पुन्हा स्वतःच्या हाताने उतरवून द्यावी, ही शिक्षा पट्ट्याहून भारी आहे.

आणि क्षमा? ती शिकवावीच. परंतु क्षमेची घाई सोसणाऱ्याने करावी, पाहणाऱ्याने नव्हे. मुलास “तू क्षमा कर” असे सांगून पुढच्या सकाळी त्याच चौघांच्या वाटेवर एकटे पाठविणे ह्याला क्षमा म्हणू नये. आधी मारणे थांबले पाहिजे. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस दांडगाईस कंटाळून तीन मुलांनी आपला जीव दिला. त्यानंतर १९८३ साली तेथील सरकारने सर्व शाळांत मोहीम चालविली. बर्गेन शहराच्या बेचाळीस शाळांतील सुमारे अडीच हजार मुलांवर ओल्वेउसने लक्ष ठेवले, तेव्हा दोन वर्षांत दांडगाई जवळजवळ निम्म्याने उतरली होती. मुलांना कुस्ती शिकविली नव्हती. मास्तर मधल्या सुट्टीत मैदानावर उभे राहू लागले, वर्गात नियम ठरले, आणि आईबापांस बोलावून घेतले. मोठ्यांनी आपले काम केले, एवढेच.

आता प्रचारक बंधूंस थोडे व्यवहाराचे. मुलाकडून एकदम सगळे काढून घेण्याचा यत्न करू नका. त्याच्याबरोबर चालत जा, चालताना मुले बोलतात. मुलाने जगणे नको झाल्याचे बोलून दाखविले, अथवा बोलणे, जेवणे, झोपणे सोडले, तर त्या रात्री त्यास एकटे ठेवू नका. ते बोलणे थट्टेवारी नेऊ नका आणि उपदेशही लांबवू नका. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यास पैसे पडत नाहीत आणि तो दिवसरात्र चालतो. मुलास तो तोंडपाठ करवावा.

मास्तरांकडे बापाबरोबर स्वतः जावे, कारण पुष्कळ बाप मुख्याध्यापकाच्या खोलीच्या उंबऱ्यावरच गप्प होतात. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेत मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, दुर्बळ वर्गांतील पालकांस प्रमाणात जागा असावी आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. आपल्या वस्तीतील कोण त्या समितीवर आहे, ह्याचा तपास किती मंडळ्यांनी केला आहे? महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदाही आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी असे तो सांगतो.

म्हणून अर्ज लेखीच द्यावा. त्यात शिव्याशाप नसावेत. कोणत्या तारखेस, कोठे, कोणी, काय केले, कोण पाहत होते, आणि शाळेने काय करावे, एवढे असावे. मुलास जागा बदलून हवी असेल, किंवा मधल्या सुट्टीत नळापाशी कोणी शिक्षक उभा राहावा असे वाटत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. दोन प्रती कराव्यात आणि एकीवर शाळेचा शिक्का व पोच घ्यावी. आठ दिवसांत काही झाले नाही तर तीच प्रत घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, आणि तोपर्यंत रोज संध्याकाळी शाळा सुटण्याच्या वेळी मंडळीतील कोणी तरी एक मोठा माणूस फाटकापाशी उभा राहावा. त्याने काही बोलण्याची गरज नाही. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, हे येत्या रविवारी उपासना संपल्यावर ठरवून घ्यावे.